खारबांधाच्या कामातील फेरबदल

पनवेल तालुक्यातील खाडीकाठच्या भातशेतीचे रक्षण खारबांध करतो. उधाणाचे पाणी एकदा आत शिरले की जमिनीत मीठ साठते आणि पावसाने ते धुऊन निघेपर्यंत पिकाची हानी सोसावी लागते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती क्षार बऱ्याच अंशी सोसतात. परंतु फुटलेल्या बांधाची उणीव कोणतेही बियाणे भरून काढू शकत नाही. म्हणूनच मंजूर आराखड्यात काम चालू असता बदल सुचविला गेल्यास काय करावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

बदल सुचविणे हा दोष नव्हे. पूर्वी खांड कोठे पडली होती व पाणी कोठे तुंबते, हे ग्रामस्थांना ठाऊक असते. त्यांची सूचना कानाआड करणे जितके घातक, तितकेच मुकादमाला तोंडी सांगून परस्पर बदल करणेही घातक होय.

लहान वाटणारा बदलही पुष्कळदा मोठा असतो. समजा, बांधाचा माथा दीड मीटर रुंद, उंची २ मीटर आणि दोन्ही बाजूंचा उतार एकास दोन आहे. उंची अर्धा मीटर वाढविल्यास पाया २ मीटरने रुंदावतो व माती जवळजवळ दीडपट लागते. ही माती, जागा व मजुरी मूळ अंदाजपत्रकात नसते.

एका बदलामागून दुसरा कसा येतो, याचे मोठे उदाहरण याच तालुक्यात घडले. नवी मुंबई विमानतळाच्या मूळ आराखड्यात गाढी व उलवे या दोन्ही नद्या वळवावयाच्या होत्या. गाढी नदी वाचविण्यासाठी दोन धावपट्ट्यांतील अंतर १,८०० मीटरवरून १,५५५ मीटर करण्यात आले. त्यामुळे इतर इमारतींच्या जागाही नव्याने ठरवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली, ती या सुधारित आराखड्यास.

गावाच्या कामातही हाच क्रम पाळावा :

१. सूचना, तिचे कारण व जागा लिहून काढावी आणि तारीख घालावी.

२. खर्च, मुदत, उघाडी व शेजारची शेते यांवरील परिणाम अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

३. ज्यांच्या शेतावर परिणाम होईल, त्यांना ग्रामसभेत बोलवावे.

४. मंजुरीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय लेखी घ्यावा. नकार असल्यास कारणही नोंदवावे.

५. मंजूर बदल नकाशावर व अंदाजपत्रकात दाखवून मगच काम करावे.

बांध फुटण्याचा धोका समोर दिसत असल्यास प्रथम बंदोबस्त करावा; मात्र त्याची नोंद त्याच दिवशी व्हावी. एरवी सूचना काम सुरू होताच द्याव्यात. मातीकाम पावसाळ्यापूर्वी संपवावे लागते. वैशाखात सुचलेला बदल चांगला असला तरी अर्धवट राहिल्यास तेथेच खांड पडण्याचे भय असते. असा बदल नोंदवून पुढील हंगामासाठी राखून ठेवणेच हितावह होय.