सरड्यासाठी थर्मोस्टॅट घेताना : एका आकड्याने भागत नाही

डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले नीचांकी आकडे पेपरात यायला लागले, निफाडच्या द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटायला लागल्या, की सरडे पाळणारे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "थर्मोस्टॅट किती अंशांवर लावू?" प्रश्न साधा वाटतो. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे : सरड्याला एक ठरावीक तापमान हवं असतं. तसं नसतं. हे एकदा समजलं, की हीटर कोणता आणि किती वॅटचा, ही उत्तरं बरीचशी आपोआप निघतात.

आधी कायद्याचं दोन ओळींत. घोरपडीसारखे संरक्षित देशी प्राणी घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी ग्रीन इग्वानासारख्या, साइट्स कराराच्या परिशिष्टांत नाव असलेल्या जातींची 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तुमची जात त्यात आहे का, हे आधी तपासा. पुढचं सगळं मी बिअर्डेड ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्याला धरून लिहिते आहे.

शाळेत आपण सरड्याला 'शीतरक्ती' म्हणायला शिकलो. शब्द फसवा आहे. 1944 मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं, की हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून आपल्या शरीराचं तापमान बऱ्यापैकी नेमकं राखतात. म्हणजे थर्मोस्टॅट त्यांच्या मेंदूत असतोच. नसते ती भट्टी. ती बाहेरून घ्यावी लागते.

खरी गंमत पुढे आहे. 1970 च्या दशकात मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी डेझर्ट इग्वाना जातीच्या सरड्यांना रोगजंतू टोचले. आजारी सरडे नेहमीपेक्षा साधारण 2 अंश जास्त गरम जागी जाऊन बसले. त्यांनी चक्क ताप आणला, आणि तोही चालत जाऊन! नंतर अशा सरड्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत कोंडून ठेवलं, तेव्हा जास्त उबेत ठेवलेले जास्त प्रमाणात जगले.

आता आपल्या खोक्याकडे बघा. थर्मोस्टॅट 32 वर लावून तुम्ही सगळं खोकं एकसारखं गरम केलंत, तर आकडा दिसायला छान. पण आतल्या प्राण्याला गरज पडली तरी ताप आणता येणार नाही, आणि उकडलं तर थंड जागीही जाता येणार नाही. म्हणून आपल्याला चढ-उतार हवा. एका टोकाला ऊन खायची जागा, तिथे दगडाचा पृष्ठभाग 40 अंशांच्या आसपास. दुसऱ्या टोकाला 25 च्या आसपास. रात्री सगळीकडेच 20 पर्यंत उतरलेलं चालतं.

यासाठी उष्णतेचे दोन वेगळे स्रोत घ्या. दिवसा एका टोकाला वरून हॅलोजन दिवा, कारण हा सरडा पाठीवर ऊन घेतो. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. तो खूप तापतो, त्यामुळे होल्डर चिनी मातीचाच हवा आणि भोवती जाळी हवी. आतून तापणारे 'गरम दगड' मिळतात, ते टाळा. पोट भाजत असलं तरी सरडा उठत नाही, असं होतं. (अतिनील किरणांची ट्यूब वेगळी लागतेच. तिचा उबेशी संबंध नाही.)

किती वॅट? गणित सोपं आहे. खोकं 120 × 60 × 60 सेंटिमीटर असेल, तर सहा बाजूंचं क्षेत्रफळ 3.6 चौरस मीटर. 12 मिलिमीटर प्लायमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला अंदाजे 3 वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे खोकं खोलीपेक्षा एक अंश गरम ठेवायला साधारण 11 वॅट. जानेवारीच्या रात्री खोली 12 अंशांवर असेल आणि आत 20 हवे असतील, तर 8 गुणिले 11, म्हणजे 88 वॅट. 100 वॅटचा हीटर पुरला. काचेच्या टाकीतून उष्णता जास्त जाते आणि झरोक्यांतूनही जाते, तिथे थोडा वाढवून धरा.

"मग सरळ 250 चा घेतो, थर्मोस्टॅट बंद करेलच की!" इथेच घात होतो. थर्मोस्टॅटचा रिले कधी चिकटतो, कधी सेन्सर निसटून थंड फरशीवर पडतो आणि हीटर रात्रभर चालू राहतो. 100 वॅटचा हीटर अडकला, तर खोकं खोलीपेक्षा 9 अंशांनी तापेल. 12 चे 21 होतील, सरडा झोपलेला असेल. 250 वॅटचा अडकला तर 23 अंशांनी. मे महिन्यात खोली 34 वर असताना काय होईल, हे तुम्हीच मोजा. त्या दिवसांत तर 100 वॅटसुद्धा 43 पर्यंत नेईल, म्हणून उन्हाळ्यात सिरॅमिक हीटर काढूनच ठेवायचा.

आता थर्मोस्टॅट. सिरॅमिकसाठी साधा चालू-बंद प्रकार चालतो. अंडी उबवण्याच्या यंत्रांत असतो तो एसटीसी-1000 स्वस्त आणि सहज मिळणारा आहे. त्यात किती अंशांच्या फरकावर पुन्हा चालू व्हायचं ते ठरवता येतं. 1 अंश ठेवा. जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. दिव्याला हा प्रकार लावला तर दिवा सारखा लागतो-विझतो, त्यामुळे दिव्यासाठी उजेड हळूहळू कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट घ्या. सिरॅमिकचा सेन्सर खोक्याच्या मध्यावर, सरड्याच्या उंचीवर, भिंतीला पक्का बांधा. दगडाचं तापमान मोजायला कोरोनाकाळातली कपाळाची बंदूक उपयोगाची नाही, ती माणसाच्या तापापुरतीच असते. औद्योगिक वापराची घ्या.

रात्री लाइट गेली तर घाबरू नका. झरोके मोकळे ठेवून खोक्यावर गोधडी टाका, शेकपिशवी फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. आणि अंग पुन्हा गरम होईपर्यंत खायला देऊ नका, थंड पोटात अन्न पचत नाही.

सगळं जोडून झालं की सरडा आणण्याआधी आठवडाभर खोकं रिकामंच चालवा आणि दोन्ही टोकांचं पहाटेचं व दुपारचं तापमान वहीत लिहा. सरडा आल्यावर तो कुठे बसतो ते लिहा. दिवसभर दिव्याखालीच चिकटून असेल तर ऊब कमी पडते आहे. सतत लांबच्या कोपऱ्यात असेल तर जास्त होते आहे. दिवसातून चार वेळा जागा बदलत असेल, तर आकड्यांना हात लावू नका.