परदेशात कार्ड वापरताना: रुपये की पाउंड?

मंडळी, गेल्या वेळी एका बाईंची चिठ्ठी आली होती. ‘मुलाकडे लंडनला निघालोय, क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं?’ तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हा प्रश्न का, असं वाटेल. पण या विषयात मी पैसे घालवून शिकलोय, म्हणून बोलतो.

आधी पैसे जातात कुठे ते बघू. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के ‘मार्कअप’ लागतो, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. काही कार्डांवर मार्कअप दोन टक्के असतो, काहींवर शून्य. मग कमीवालंच घ्यायचं? थांबा, वार्षिक फी बघा. समजा, सहलीत दोन लाख खर्च होणार. साडेतीनवाल्या कार्डावर ८,२६० रुपये जातील, दोनवाल्यावर ४,७२०. फरक ३,५४०. आता त्या दोनवाल्याची फी ३,००० असेल, तर जीएसटी धरून तीही ३,५४०. फिट्टंफाट! तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या माणसानं विमानतळावरच्या लाउंजमधल्या फुकट इडलीसाठी दरवर्षी फी भरू नये, एवढंच म्हणतो.

माझी चूक मात्र वेगळीच होती. एडिनबरात हॉटेलचं बिल झालं २०० पाउंड. काउंटरवरच्या मुलानं मशीन पुढे केलं. त्यावर विचारलं होतं, रुपयांत देणार की पाउंडांत? मी म्हटलं, रुपये बरे, निदान किती गेले ते कळेल. आता गंमत बघा. रुपयाचा आकडा ओळखीचा होता, म्हणून तो मला समजला असं मी धरून चाललो. पण त्या आकड्यामागचा विनिमय दर माझ्या बँकेचा नव्हताच. तो दुकानदाराच्या बाजूनं लावलेला असतो, त्यांचा नफा त्यातच मिसळलेला. वर व्यवहार परदेशातला, म्हणून माझ्या बँकेनंही आपलं शुल्क लावलं. दोन्हीकडून कात्री! तेव्हा तिथलंच चलन निवडा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथेही तेच. कधी विक्रेता स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. पिन टाकण्यापूर्वी पडदा वाचा. रुपये दिसले तर रद्द करायला सांगा, संकोच नको.

रोख रक्कम क्रेडिट कार्डावर काढू नका. फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू. त्यासाठी फॉरेक्स कार्ड न्या. उलट हॉटेलचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावर द्या. तिथे रक्कम काही दिवस अडकवून ठेवतात, ती आपल्या खात्यातली नसलेली बरी.

आणि हो, रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशात चालेल असंच मिळतं. परदेशातला वापर आपण सुरू करायचा. घरूनच करा, कारण इथलं सिम तिथे बंद असलं तर ओटीपी येणार नाही.

तर बाई, आधी तुमच्या हातातल्या कार्डाचा मार्कअप बँकेला विचारा. नवं कदाचित लागणारही नाही. पुढची चिठ्ठी घेऊ.