भाऊ घरीच असतो!

ऑफिसात कुणी विचारलं, 'घरी कोण कोण असतं?' की आपण पटकन सांगतो, आई, बाबा आणि मोठा भाऊ. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, 'भाऊ काय करतो?' आपण 'घरूनच काम करतो' असं काहीतरी ठोकून देतो आणि चहाचा कप उचलतो. खरं उत्तर असं, की भाऊ काहीच करत नाही. पस्तिशीचा आहे. नोकरी सुटून चार वर्षं झाली, मित्रांचे फोन यायचे थांबले, दिवाळीत पाहुणे आले की त्याच्या खोलीला आतून कडी. जेवणाचं ताट आई दाराशी ठेवते.

भाऊ नसेल तर काका असतो, आत्या असते, घटस्फोटानंतर कुणाशीच न बोलणारी मावसबहीण असते. आपल्याकडे अशांसाठी एक रेडीमेड शब्द आहे, 'माणूसघाणा'. शब्द चिकटवला की विषय संपला!

जपानमध्ये तो संपला नाही. मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या १९९८ च्या पुस्तकाने 'हिकिकोमोरी' हा शब्द तिथे घरोघरी पोचवला. म्हणजे सहा महिने किंवा जास्त काळ शाळा, नोकरी, मित्र सगळं सोडून घरात बसलेला माणूस. सरकारच्या २०२२ च्या पाहणीतून १५ ते ६४ वयोगटात अशी सुमारे १४ लाख ६० हजार माणसं असल्याचा अंदाज निघाला. तिथे '८०५०' असंही म्हणतात. आईबाप ऐंशीचे आणि त्यांच्या पेन्शनवर जगणारं मूल पन्नाशीचं. हे वाचून पोटात गोळा आला? 'आईबाबांनंतर काय?' हा प्रश्न भावंडं लोकलमध्ये लटकताना स्वतःला विचारतात, एकमेकांना मात्र विचारत नाहीत.

आता, एकटं राहणं म्हणजे आजार नव्हे. पुस्तकं, एक कुत्रा आणि एखादा मित्र एवढ्यावर खूश असणारे लोक असतात. त्यांना उगाच गेट-टुगेदरला ओढू नका. पण पूर्वी जे आवडायचं तेही सुटलं, आंघोळ, झोप, जेवण यांचा ताळमेळ गेला, तर लक्ष द्या. बंद दारामागे डिप्रेशन असू शकतं, सोशल अँक्झायटी असू शकते, स्किझोफ्रेनियाही असू शकतो. ते ओळखणं डॉक्टरांचं काम. आणि कुणी पाळत ठेवतंय असं वाटणं, इतरांना न येणारे आवाज ऐकू येणं किंवा मरणाची भाषा सुरू झाली, तर 'बघू दिवाळीनंतर' अजिबात नको.

घरचा लाडका उपाय म्हणजे लग्न. 'दोनाचे चार झाले की येईल ताळ्यावर!' (यावर बंदीच हवी, असं आमचं स्पष्ट मत.) त्रास आहे तिथेच राहतो आणि एका अनोळखी मुलीचं आयुष्य पणाला लागतं. दुसरा उपाय मामांचं लेक्चर. त्यानंतर दार आठवडाभर उघडत नाही.

त्यापेक्षा छोटं काहीतरी करा. 'कसा आहेस?'ला उत्तर 'बरा' हेच येणार. 'माझा लॅपटॉप हँग होतोय, बघतोस का?' याला कदाचित वेगळं येईल. रात्री अकराला, सोसायटीतले काका-काकू झोपल्यावर, आइस्क्रीम खायला चल म्हणा. नाही म्हणाला तर त्याच्यासाठी एक कप घेऊन या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारा.

तो डॉक्टरकडे येत नसेल तर तुम्ही जा. आधी फक्त घरच्यांशी बोलायला अनेक मानसोपचारतज्ज्ञ तयार असतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस'चा नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. धरून-बांधून नेण्याचा विचार मात्र सोडा. सज्ञान माणसाला मर्जीविरुद्ध दाखल करण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कडक अटी घातल्यात.

आणि स्वतःकडेही बघा. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) आठवतोय? अतुल कुलकर्णीच्या शेषइतकीच ती त्याच्या बहिणीची, सोनाली कुलकर्णीची गोष्ट आहे. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांत अशा दमलेल्या नातेवाइकांचे गट भरतात.

राहता राहिला पैशांचा विषय. फ्लॅट कुणाच्या नावावर, मेडिक्लेममध्ये भाऊ आहे का, बँकेत नॉमिनी कोण, हे आईबाबा धडधाकट असताना एका रविवारी बसून बोला. किचनमध्ये कुजबुजत नको, हॉलमध्ये, आणि त्यालाही बोलवा. आला नाही तरी आवाज कमी करू नका. भिंतीपलीकडे त्याला सगळं ऐकू जातं.