ट्रकचे दिवे रुसले, दोष कुणाचा?

फेब्रुवारीतली पहाट. नाशिककडची द्राक्षे भरून निघालेला एक ट्रक धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा लांबचा पल्ला मारून पलवलपर्यंत आला आहे, असे समजा. इथून पूर्व परिघीय द्रुतगती मार्ग धरायचा, दिल्लीला बाहेरून वळसा घालत कुंडली गाठायची आणि जी. टी. कर्नाल रोडने आझादपूरच्या मंडईत शिरायचे. चहूकडे दाट धुके. अशातच समोरचे दिवे मिणमिणतात, विझतात, पुन्हा लागतात. कुणी हात न लावता वायपर फिरू लागतो. इंडिकेटर मुका होतो. इंजिन मात्र ठणठणीत चालू असते!

ट्रक चालवणाराच त्याचा मालक असेल तर त्याच्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते? मागे नाशवंत माल, खिशात बँकेचा हप्ता आणि रस्त्यावर मागून येणारी भरधाव वाहने. धुक्यात दिवे नसलेला ट्रक म्हणजे अपघाताला आमंत्रणच. कसाबसा ट्रक दुरुस्तीला पोहोचतो आणि कुणीतरी पाहताक्षणी निदान करून टाकतो, पेटी गेली, बदलावी लागेल!

ही पेटी म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, थोडक्यात बीसीएम. ती महाग असते आणि खरे पाहता अनेकदा निर्दोष असते.

जुना ट्रक, नवा ट्रक

जुन्या ट्रकची वीजव्यवस्था घरातल्या वायरिंगसारखी सरळ होती. बटण दाबले की बॅटरीतली वीज फ्यूज, बटण आणि कधी रिले यांतून थेट दिव्याकडे जायची. दिवा लागला नाही तर मिस्त्री तारेचा माग काढत जायचा आणि तासाभरात दोष सापडायचा.

नव्या ट्रकमध्ये बटण दिव्याला वीज देत नाही, ते फक्त निरोप देते. तो निरोप बीसीएमकडे जातो. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, केबिनमधला दिवा, दाराचे लॉक अशी कामे ही पेटी सांभाळते. कोणत्या ट्रकात यांतली कोणती कामे तिच्याकडे असतील, हे मॉडेलवर अवलंबून असते. इंजिनाचा संगणक वेगळा असतो. म्हणूनच इंजिन सुरळीत चालते आणि दिवे मात्र रुसतात.

हे सारे संगणक एकमेकांशी बोलतात ते एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीतल्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. प्रत्येक कामासाठी वेगळी तार ओढण्याची गरज त्यामुळे कमी झाली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, तसे ट्रकमधले इलेक्ट्रॉनिक्स झपाट्याने वाढले.

आधी बॅटरी, मग बाकी सारे

दिल्लीत ट्रकदुरुस्तीचे मोठे ठिकाण म्हणजे आझादपूरच्या उत्तरेला असलेले संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर. टायर, पाटे, रेडिएटर, वायरिंग, प्रत्येक कामाचा कारागीर वेगळा. इथला जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन पेटीला शेवटी हात लावतो. सुरुवात करतो ती बॅटरीपासून.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. इंजिन बंद असताना चांगल्या जोडीवर मल्टिमीटर २५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, इंजिन चालू असताना २८ च्या आसपास. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजणे महत्त्वाचे. त्यांतली एक अशक्त झाली की व्होल्टेज खालावते आणि बीसीएम वेड्यासारखी वागू लागते. दोष बॅटरीचा, बदनामी पेटीची!

त्यानंतर फ्यूज आणि अर्थिंग. अर्थची तार चॅसीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज, रंग किंवा चिखल बसला की विजेला परतीची वाट मिळत नाही. दिवे चालू ठेवून पेटीची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्टेज मोजतात. ते एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त भरले तर अर्थिंग खराब आहे असे समजावे.

मग कनेक्टर. केबिन धुताना पाण्याचा जोरदार फवारा डॅशबोर्डखाली गेलेला असतो किंवा काचेच्या रबरातून पावसाचे पाणी झिरपलेले असते. पिनांवर हिरवट थर दिसला की समजावे, पाणी शिरले आहे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हाही नेहमीचाच अनुभव. शिवाय हौसेने बसवलेले जादा दिवे आणि कर्णकर्कश हॉर्न! त्यांच्यासाठी कंपनीच्या तारा सोलून मध्येच जोड दिलेला असतो. तो भार पेटीने सोसावा अशी तिची रचनाच नसते.

पेटीचा कस

एवढे सगळे ठीक निघाले तरच संशयाची सुई बीसीएमकडे वळते. आधी कॅनच्या दोन तारा तपासायच्या. या तारांच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओमचा रोध असतो. म्हणून बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मोजले तर ६० ओमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एकीकडची जोडणी तुटली आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

मग स्कॅनर जोडायचा. तो नोंदवलेले दोष दाखवतोच, पण त्याचा खरा उपयोग पुढे आहे. दिव्याचे बटण दाबले की स्कॅनरच्या पडद्यावर ‘चालू’ असे उमटते का? नाही उमटले तर बटण किंवा त्याची तार बिघडली आहे. उमटले, तर पेटीतून दिव्याकडे जाणाऱ्या पिनेवर वीज येते का ते पाहायचे. वीज येत असूनही दिवा लागत नसेल तर दोष पुढच्या तारेत, दिव्यात किंवा दिव्याच्या अर्थिंगमध्ये. पेटीला वीज नीट मिळते, अर्थिंग पक्के आहे, हुकूमही पोहोचतो आणि तरीही पिनेवर वीज येत नाही, तेव्हाच पेटी खराब म्हणावी.

या तपासाला घटका-दोन घटका लागतात. मालकाला त्या जड जातात, कारण माल उतरायचा असतो. पण न तपासता बसवलेली नवी पेटीही त्याच पाण्याने किंवा त्याच चुकीच्या जोडाने जळू शकते. मग खर्च दुप्पट आणि खोळंबाही दुप्पट!

बदलायची वेळ आलीच तर

पेटी बदलताना आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि काही मिनिटे थांबावे. कनेक्टर हिसडून ओढू नयेत. जुन्या पेटीवरचा पार्ट नंबर नव्याशी ताडून पाहावा. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन पेट्या आतून वेगळ्या असू शकतात.

दिल्लीत सुटे भाग मिळण्याची ठिकाणे पुष्कळ. काश्मिरी गेटचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे, तर मायापुरीत मोडीत निघालेल्या वाहनांचे भाग मिळतात. जुनी पेटी स्वस्तात हाती लागली की मोह होतो. पण जुन्या पेटीत पहिल्या ट्रकचा चॅसी नंबर आणि त्या ट्रकच्या सोयींची नोंद साठवलेली असू शकते. चावी ओळखून इंजिन सुरू होऊ देणारी यंत्रणा असेल तर नवा ट्रक सुरूच न होण्याची भीती!

नवी पेटीही बहुधा कोरी येते. कंपनीच्या सॉफ्टवेअरने तिला हा ट्रक कोणता, त्यात काय काय आहे, हे शिकवावे लागते. या कामाच्या वेळी बॅटरी चार्जरवर ठेवणे इष्ट, कारण मध्येच वीज खालावली तर नवी पेटीही निकामी होऊ शकते. म्हणून हे काम अधिकृत केंद्रात किंवा योग्य साधने असलेल्या कारागिराकडेच करून घ्यावे. शेवटी जुने दोष पुसून प्रत्येक दिवा, वायपर, हॉर्न चालवून पाहावा आणि बिलावर पेटीचा नंबर व वॉरंटी लिहून घ्यावी.

उस्तादांची नवी शाळा

या बदलाने कारागिरांपुढेही प्रश्न उभा केला आहे. उस्तादाच्या हाताखाली पाने-पोपट उचलत शिकलेल्या पिढीला कान लावून इंजिनाचा आजार ओळखता येतो. कॅनच्या तारांना मात्र आवाज नसतो. तार क्षणभर चॅसीला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी सवय इथे पेटीचा जीव घेऊ शकते. बॅटरी न सोडवता चॅसीवर वेल्डिंग करण्याचेही तेच.

पण जुने ज्ञान वाया गेलेले नाही. वीज येते कुठून, जाते कुठे, परतते कशी, हा प्रश्न विचारण्याची शिस्त तीच आहे. तिला मल्टिमीटर आणि स्कॅनरची जोड हवी. २०११ मध्ये सुरू झालेली ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल आणि ठिकठिकाणच्या आयटीआय यांतून वाहनदुरुस्तीचे प्रशिक्षण मिळते. ट्रकमालकाच्या मुलाने किंवा मुलीने हे शिकून घेतले तर घरच्याच धंद्याला आधार होईल.

आपल्या मोटारीतही तीच

घरोघरच्या नव्या मोटारींतही अशीच पेटी असते. काचा वर-खाली होईनात, लॉक आपोआप उघडू लागले, इंडिकेटर भलत्याच वेगाने चमकू लागले, तर लगेच ‘बदलून टाका’ म्हणू नका. बॅटरी मोजली का, अर्थिंग पाहिले का, कनेक्टर उघडला का, हे तीन प्रश्न आधी विचारा. प्रामाणिक कारागिराला त्यांचा राग येत नाही.

आणि दिवे प्रवासातच गेले तर? गाडी रेटू नका. रस्त्याच्या शक्य तितक्या कडेला घ्या, मागे पुरेशा अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवा आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागा. मंडईचा भाव आज हुकला तर उद्या मिळेल. धुक्यात अंधारलेला ट्रक घेऊन निघालेला माणूस मात्र घरी सुखरूप पोहोचायला हवा!