माळ्यावरचा डेटा

रिझल्ट लागतो, ग्रुपवर अभिनंदनाचे स्टिकर पडतात आणि थोड्या दिवसांनी कॉलेजच्या आयडीवर एक कोरडा मेल येतो: तुमचं अकाउंट अमुक तारखेला बंद होईल, डेटा हलवून घ्या. बरेच जण तो उघडतही नाहीत. पास झाल्यावर तो आयडी बघतंय कोण? पण तीन वर्षांचे प्रोजेक्ट, फेस्टचं फुटेज, एकांकिकेच्या तालमी, सगळं त्याच ड्राइव्हवर असतं. पर्सनल गूगल अकाउंटवर टाकावं तर तिथे फुकटचे १५ जीबी, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून.

आधी तुमचा आकडा बघा. १०० जीबीच्या आत असेल तर फार डोकेफोड करू नका. एक छोटा महिन्याचा प्लॅन घ्या, घरी एक हार्ड डिस्क ठेवा, विषय संपला. पण तुम्ही मास मीडियावाले असाल, कॅमेरा हातात घेऊन फिरणारे असाल आणि आकडा ५०० जीबीच्या पुढे गेला असेल, तर कोल्ड स्टोरेज समजून घ्यायलाच हवं.

घरातल्या सामानासारखंच आहे हे. तेल-मीठ ओट्यावर, डाळी फडताळात आणि गणपतीचं मखर माळ्यावर. मखर ओट्यावर ठेवायचा हट्ट धरला तर जागेचं भाडं भरा! अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये 'स्टँडर्ड' म्हणजे ओटा. तिथे व्हर्जिनियाच्या दराने एक जीबीला महिन्याला ०.०२३ डॉलर. 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह' म्हणजे माळा, तिथे ०.०००९९ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ५०० जीबीचे ओट्यावर महिना साधारण ९७५ रुपये आणि माळ्यावर ४२. जीएसटी वेगळा. मुंबईतही त्यांचं रीजन आहे, पण तिथले दर निराळे, ते तपासून घ्या. गूगल क्लाउड आणि अ‍ॅझ्युअरकडेही 'आर्काइव्ह' नावाचा असाच माळा आहे.

४२ रुपये बघून लगेच उड्या मारू नका. शिडी लावायचे पैसे वेगळे पडतात.

पहिलं, वेळ. डीप आर्काइव्हमधली फाइल मागितली की ती साधारण १२ तासांत हाताशी येते, स्वस्तातला 'बल्क' पर्याय घेतला तर ४८ तासांत. दुसरं, मुदत. १८० दिवसांच्या आत फाइल डिलीट केली तरी भाडं १८० दिवसांचंच. गूगलच्या आर्काइव्हमध्ये ही मुदत ३६५ दिवसांची, मात्र तिथे फाइल लगेच उघडते. तिसरं आणि सगळ्यात महागाचं, बाहेर काढणं. महिन्याला पहिले १०० जीबी इंटरनेटवरून फुकट उतरतात, त्यापुढे जीबीला सुमारे ०.०९ डॉलर. म्हणजे ५०० जीबी एकदम खाली आणायचे तर तीन हजारांच्या वर बिल. सहा वर्षांचं भाडं एका दिवसात! म्हणून माळा हा शेवटचा आसरा. रोजचा आधार घरातली हार्ड डिस्कच.

आणि फायली सुट्ट्या चढवू नका. दर हजार फायलींमागे ०.०५ डॉलर लागतात. ४० हजार फोटो म्हणजे २ डॉलर, १७० रुपये नुसते आत टाकायचे. झिप करून टाका, आणि कोणत्या झिपमध्ये काय आहे याची यादी मात्र स्वतःजवळ ठेवा. कार्ड एक्स्पायर होऊन बिल थकलं तर अकाउंट बंद पडतं, पुढे डेटाही जातो. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा.

वर्षातून एकदा एखादी फाइल उतरवून उघडूनही बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनीअरच्या हातून चालू डेटाबेस उडाला. बॅकअपकडे धावले तर कळलं की रोजचा बॅकअप कधीपासून गुपचूप फेल होतोय आणि तो जिथे साठायचा ती जागा रिकामी आहे. एका इंजिनीअरने सहा तास आधी सहज काढलेली कॉपी होती, तिच्यावर निभावलं. त्या कंपनीचं हे होतं, तर आपली काय कथा!

हे सगळं मी शिकले ते एका फोनमुळे. टीवायला असताना लालबागच्या एका निवृत्त गिरणी कामगाराची मी मुलाखत रेकॉर्ड केली होती. १९८२ च्या संपात मंगळसूत्र कसं गहाण पडलं, हे ते हसत हसत सांगत होते. दोन वर्षांनी एका शुक्रवारी रात्री त्यांच्या मुलीचा फोन आला. ''बाबा गेले. रविवारी तेरावं आहे. त्यांचा आवाज आहे का गं तुझ्याकडे?''

होता, पण माळ्यावर. हार्ड डिस्क तोवर मेली होती. बल्क मागवलं असतं तर रविवार रात्र उजाडली असती, म्हणून १२ तासांचा पर्याय घेतला. आणि मग लक्षात आलं की आळस करून मी अख्ख्या वर्षाची १२० जीबीची एकच झिप केली होती. ४० मिनिटांच्या आवाजासाठी शनिवारी दिवसभर ती सगळी उतरवत बसले. साडेतीनशे रुपये गेले. फाइल संध्याकाळी पोहोचली. मुलीने निळी टिक दिली, काही लिहिलं नाही. रात्री दीड वाजता तिचा एकच प्रश्न आला: ''अजून आहे का?''