गच्ची वरच्या मजल्याची, ऊन सगळ्यांचं

दिल्लीत बिल्डर फ्लोअर, म्हणजे इमारतीतला एक मजला, विकत घेताना एक प्रश्न हमखास निघतो: छत कुणाच्या नावावर? चार मजल्यांच्या इमारतीत गच्चीचा हक्क बहुतेक वेळा वरच्या मजल्याच्या खरेदीखतात गेलेला असतो. खालच्यांच्या वाट्याला तिथे पाण्याची एकेक काळी टाकी उरते. त्यामुळे ‘सोलर कोठीवाल्यांसाठी (स्वतंत्र बंगलेवाल्यांसाठी), आपल्यासाठी नाही’ असं सर्रास मानलं जातं.

ते खरं नाही. दिल्ली वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम काढले. पॅनेल एका छतावर बसतात, मीटर तिथली युनिट मोजतो आणि ठरलेल्या वाट्याप्रमाणे ती भागीदारांच्या बिलांतून वजा होतात. घरापर्यंत वेगळी वायर येत नाही, वाटणी होते ती हिशेबात. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते, त्यातून महिन्याला शंभरेक युनिट मिळतात. म्हणजे एका शाळेच्या गच्चीवर कितीतरी बिनगच्चीची घरं सामावतील.

पुढचा आक्षेप: ‘ऊन दिवसाच, मग रात्री काय करणार?’ दक्षिण दिल्लीत किलोकरीला २०२५ मध्ये २० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. ती साठवलेली वीज पूर्ण क्षमतेने दोन तास पुरवू शकते.

‘दिल्लीत महिन्याला २०० युनिट फुकट असताना गरिबाला सोलर कशाला?’ हा समज मला जास्त बोचतो. सवलत मिळते ती ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला. भाड्याच्या खोलीत असतो सबमीटर, आणि युनिटचा दर घरमालक सांगेल तो. मालकाच्या सहीशिवाय स्वतःचा मीटर मिळत नाही, असंही लोक धरून चालतात. पण सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्ली सरकारने भाडेकरार आणि भाडेपावतीवर, मालकाच्या ना-हरकतीशिवाय, प्रीपेड मीटर देण्याची योजना आणली. ही गोष्ट खोल्याखोल्यांतून सांगायला हवी.

राहिला शेवटचा समज: अर्ज ऑनलाइन झाला की संधी सगळ्यांना सारखी. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण पोर्टल आधी वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक मागतं, आणि पॅनेल बसवायला छत स्वतःचं किंवा मालकाच्या परवानगीचं लागतं. बहुतेक भाडेकरूंकडे दोन्ही नसतं. दिल्लीच्या सौर धोरणात सामुदायिक सोलरची, म्हणजे एका छतावरची वीज अनेकांनी वाटून घेण्याची, तरतूद आहे. त्यात प्रीपेड मीटरवाल्या भाडेकरूलाही वाटा घेता आला पाहिजे, आणि खोली बदलली तरी तो वाटा त्याच्या नव्या मीटरवर गेला पाहिजे.