हळद, केशर आणि खिन्न मन

नान-खलिया या छत्रपती संभाजीनगरच्या मटणाच्या पदार्थातील रश्शाला पिवळी झाक देणाऱ्या, आणि मराठवाड्यात वसमत-हिंगोलीच्या पेठांतून जिची मोठी उलाढाल होते त्या हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याची परीक्षा भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली असून, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नैराश्याच्या ६० रुग्णांपैकी काहींना रोज १ ग्रॅम कर्क्युमिन, काहींना फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरील औषध व उरलेल्यांना दोन्ही, असे सहा आठवडे दिले असता तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. परंतु हळदीत कर्क्युमिन शेकडा सुमारे ३ भागच असल्यामुळे तेवढ्या मात्रेसाठी दररोज तीस-पस्तीस ग्रॅम हळद पोटात जावयास हवी. असला खलिया कोणता खवय्या तोंडात धरील! केशराची बाजू किंचित बळकट: तेहरानमधील प्रयोगांत रोज ३० मिलिग्रॅम केशरार्क सौम्य ते मध्यम नैराश्यात उपयुक्त ठरला. प्रयोग मात्र लहान, आणि चिंताविकाराबाबतचा पुरावा त्याहूनही तोकडा. सबब चालू औषध स्वमर्जीने बंद करू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी कर्क्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. मदतीसाठी छत्रपती संभाजीनगर शहरातच घाटी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक-आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.